नागपुरात हेजहॉग पाळायचा तर

हेजहॉग पाळणं म्हणजे मुख्यतः खोलीचं तापमान सांभाळणं. पिंजरा, खाणं, चाक, अंघोळ हे सगळं आठवडाभरात अंगवळणी पडतं. पण या प्राण्याला मानवतं ते २४ ते २७ अंश सेल्सिअस, आणि नागपूर वर्षातले फार थोडे आठवडे तिथे टिकतं. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस इथे ३.५ अंशांची नोंद झाली होती, हे मात्र नागपूरकरही विसरतात. उन्हाळ्याची धास्ती असते म्हणून कूलर, पडदे, पाणी यांची तयारी आपोआप होते. थंडीची भीती कुणाला नसते, आणि हेजहॉग दगावतो तो बरेचदा अशाच एखाद्या जानेवारीच्या रात्री.

म्हणून प्राणी आणण्याआधीची कामं इथे आधी घेतली आहेत. प्राणी घरात यायला अर्धा लेख संपावा लागेल, तेवढा धीर धरा.

आधी घराकडे बघा

हेजहॉग म्हणजे साळिंदराचं पिल्लू नव्हे. त्याचे काटे छोटे असतात, सुटून कुणाच्या अंगात रुतत नाहीत. घाबरला की तो गोळा होतो आणि काटे बाहेर काढतो, बस. पूर्ण वाढलेल्याचं वजन साधारण ३०० ते ५०० ग्रॅम, म्हणजे दोन तळहातांत मावेल एवढा जीव. आयुष्य बहुतेक ४ ते ६ वर्षांचं. दहावीतल्या मुलाच्या हट्टापायी आणलेला हेजहॉग मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगला गेला की आईच्याच वाट्याला येतो, तेव्हा आईला आधी विचारा.

तो निशाचर आहे. रात्री आठ-नऊला उठतो, खातो, पहाटेपर्यंत चाकावर धावतो आणि दिवसभर झोपतो. वन रूम किचनमध्ये सगळे एकाच खोलीत झोपत असतील तर चाकाचा आवाज पहिल्याच आठवड्यात भांडणाचं कारण होईल. तो हाक मारल्यावर येणार नाही, शेपूट हलवणार नाही. त्याची माया म्हणजे तुम्हाला बघून फुरफुरणं बंद होणं. एवढ्यावर ज्याचं समाधान होतं त्याने पुढे वाचावं.

दुसरा प्रश्न स्वयंपाकघराचा. हेजहॉग कीटक खाणारा प्राणी आहे. त्याला अळ्या लागतात, मांसाहारी कोरडं खाद्य लागतं, अधूनमधून उकडलेलं अंडं किंवा चिकन लागतं. घरात अंडंही येत नसेल तर त्याला पनीर-पोळीवर वाढवू असा विचार करू नका. तो जगणार नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. अशा घरात ससा किंवा पोपटाच्या आकाराचे परदेशी पक्षी जास्त शोभतात.

तिसरी गोष्ट, घरात पाच वर्षांखालचं मूल, गर्भवती बाई किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेलं कुणी असेल तर सध्या थांबा. दिसायला ठणठणीत हेजहॉगच्या विष्ठेतही जुलाब-ताप आणणारे साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. अमेरिकेत पाळीव हेजहॉगमुळे अशा साथी एकाहून जास्त वेळा नोंदल्या गेल्या आहेत.

आणि चौथी गोष्ट विजेची. निदान एका खोलीला एसी किंवा चांगला कूलर हवा, आणि त्या खोलीतल्या एका प्लगला इन्व्हर्टरची जोडणी हवी. ती नसेल तर आधी ती करून घ्या.

कोणता हेजहॉग, आणि कायद्याचं काय

पाळीव म्हणून जगभर मिळतो तो आफ्रिकन पिग्मी हेजहॉग. तोंड आणि पोट पांढरट, कान लहान गोल, काटे पांढरे-तपकिरी, आणि मागच्या पायांना चारच बोटं. बोटं मोजून बघा, तीच त्याची ओळख आहे.

आपल्या देशातही हेजहॉगच्या जाती आहेत. राजस्थान-गुजरातच्या रखरखीत भागात लांब कानांचा हेजहॉग आणि फिकट हेजहॉग राहतात, दक्षिणेत मद्रास हेजहॉग. हे वन्यप्राणी आहेत. त्यांना पकडणं, विकणं, घरात ठेवणं हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली गुन्हा ठरतो. कुणी "गावठी आहे, स्वस्तात देतो" म्हणाला, किंवा पिल्लाचे कान डोक्यावर उंच उभे दिसले, तर तिथून निघा. स्वस्त पडलं म्हणून आणलेला तो जीव पिंजऱ्यात फार दिवस काढत नाही, आणि तुमच्यावर केस होते ती वेगळी. रानात, शेतात असा जखमी प्राणी दिसला तर घरी आणू नका, वन विभागाला कळवा. नागपुरात सेमिनरी हिल्सवर जखमी वन्यप्राण्यांसाठी वन विभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे.

आफ्रिकन हेजहॉग परदेशी प्राणी असल्याने त्याचा मामला वेगळा. परवान्याशिवाय बाहेरून आणलेला प्राणी बेकायदा असतो, म्हणून विकणाऱ्याकडून दोन कागद घ्याच: पक्कं बिल, आणि हे पिल्लू भारतातच बंदिवासात जन्मलं असल्याचं लेखी पत्र, त्यावर जन्मतारीख. "बिल कशाला जी, ओळखीतला माल आहे" असं उत्तर आलं तर समजून जा. परदेशी प्राण्यांबद्दलचे नियम गेल्या काही वर्षांत बदलत आले आहेत. नोंदणीबद्दल शंका असेल तर दुकानदाराला विचारू नका. राज्याच्या वन विभागाचं मुख्यालयच आपल्या शहरात आहे, सिव्हिल लाइन्सच्या वनभवनात. तिथे विचारून येणं पुणे-मुंबईकरांपेक्षा आपल्याला सोपं.

डॉक्टर आधी, प्राणी नंतर

कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर गल्लोगल्ली मिळतात. हेजहॉगला हात लावलेले मोजके. फोन करून सरळ विचारा: "डॉक्टरसाहेब, हेजहॉग कधी तपासला आहे का? त्याला भूल देता का?" दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण गोळा झालेल्या हेजहॉगचे दात किंवा पोट तपासायला बरेचदा हलकी गॅसची भूल द्यावी लागते. खाजगीत कुणी सापडलं नाही तर सेमिनरी हिल्सवरच पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे, तिथे चौकशी करा. नंबर फोनमध्ये आणि फ्रिजच्या दारावर, दोन्हीकडे लिहून ठेवा. रात्री दोनला शोधाशोध करायची वेळ येऊ नये.

पिंजरा

जमिनीवरची मोकळी जागा कमीत कमी दोन बाय दोन फूट, पण मी चार बाय दोनच्या खाली जाऊ नका असंच सांगेन. दुकानातले सशांचे जाळीच्या तळाचे पिंजरे नकोत, जाळीत पाय अडकून मोडतो. मजले असलेले पिंजरेही नकोत, कारण या प्राण्याला उंचीचा अंदाज नसतो, तो बिनदिक्कत खाली पडतो.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे सरकत्या खिडक्या बनवणारा अॅल्युमिनियमवाला. त्याला माप द्या: चार फूट लांब, दोन फूट रुंद, सव्वा फूट उंच, तळ आणि बाजू गुळगुळीत शीटच्या, वर जाळीचं झाकण. झाकण हवंच. हेजहॉग चढण्यात तरबेज आहे, उतरण्यात नाही. जुना काचेचा फिशटँक वापरू नका, त्यात हवा खेळत नाही आणि पावसाळ्यात आत कोंदट वास धरतो.

तळाला फ्लीसचं कापड टाका, म्हणजे ते मऊ ब्लँकेटसारखं मिळतं ते, ज्याचे धागे निघत नाहीत. आजीच्या जुन्या साडीची गोधडी कितीही मऊ असली तरी इथे नको. तिचा एखादा धागा बोटाभोवती गुंडाळला जातो, रक्त थांबतं, आणि लक्षात येईपर्यंत बोट काळं पडतं. आरामशीनवरचा भुसाही नको. तो कोणत्या लाकडाचा आहे ते सांगता येत नाही, आणि देवदार-चीड यांच्या भुशातला उग्र वास याच्या श्वासनलिकेला बाधतो.

आत एक लपायची जागा (उपडं ठेवलेलं, कडेला दार कापलेलं प्लास्टिकचं खोकं चालतं), पाण्याची जड वाटी, खाण्याची जड वाटी आणि चाक. पाण्याची नळीवाली बाटली नको, वाटीच बरी. चाक ११ ते १२ इंच व्यासाचं, आतली धावपट्टी सलग आणि सपाट. दांड्यांचं किंवा जाळीचं चाक हॅमस्टरसाठी विकतात, ते इथे पाय मोडेल. तयार चाक मिळालं नाही तर सरळ कडांचा प्लास्टिकचा टब आणि स्केटच्या चाकाचं बेअरिंग घेऊन घरीही बनवता येतं, आवाजही कमी करतं. आणि हो, हेजहॉग धावता धावताच शी करतो. सकाळी चाक धुणं हे रोजचं काम आहे, त्यात सुट्टी नाही.

तापमान: ज्यावर सगळं अडतं

एक डिजिटल थर्मामीटर घ्या, ओलावा दाखवणारा. त्याचा प्रोब प्राणी जिथे झोपतो तिथे, जमिनीच्या पातळीवर ठेवा. भिंतीवर पाच फूट उंचीवरचा आकडा तुमचा आहे, त्याचा नाही.

हिवाळा आधी घेऊ. खोली २० अंशांच्या खाली उतरायला लागली की आफ्रिकन हेजहॉगचं शरीर शीतनिद्रेत जाण्याचा प्रयत्न करतं. थंड देशातल्या हेजहॉगांना ते जमतं, कारण त्यांनी त्यासाठी चरबी साठवलेली असते. याची ती तयारी नसते. हृदय मंदावतं, प्रतिकारशक्ती पडते, आणि तो त्यातून उठत नाही. नागपुरात डिसेंबर-जानेवारीत बाहेर ८-१० अंश असताना बंद खोलीतही पहाटे १७-१८ होतात. आपण रजईत असतो म्हणून जाणवत नाही.

उपाय आहे सिरॅमिक हीट एमिटर. हा दिव्यासारखा दिसतो पण उजेड देत नाही, फक्त उष्णता देतो, त्यामुळे त्याची रात्र रात्रच राहते. चार फुटी पिंजऱ्याला साधारण १०० वॅटचा पुरतो. चिनी मातीचा होल्डर घ्या, प्लास्टिकचा वितळतो. आणि मध्ये थर्मोस्टॅट (ठरलेलं तापमान गाठलं की वीज आपोआप तोडणारं यंत्र) लावाच, २५ वर. थर्मोस्टॅटशिवाय एमिटर लावणं म्हणजे गॅस चालू ठेवून बाहेरगावी जाणं. एमिटर जाळीच्या झाकणावरून, कापडापासून दूर, पिंजऱ्याच्या एका टोकाला लावा, म्हणजे दुसरं टोक थोडं गार राहतं आणि तो आपापली जागा निवडतो. हे सामान इथल्या दुकानांत क्वचित दिसतं, ऑनलाइन मागवावं लागतं. होल्डर आणि वायरिंग मात्र बर्डीवर कुठल्याही इलेक्ट्रिकलवाल्याकडे होतं. हे सगळं दिवाळीआधी लावून तपासून ठेवा.

पिवळा बल्ब उजेडामुळे नको. रूम हीटर रात्रभर बेभरवशाचा. गरम पाण्याची पिशवी दोन तासांत गार होते आणि मग उलट थंडी खेचते. कोळशाची शेगडी तर बंद खोलीत माणसांनाही घातक.

थंडीत रोज रात्री एक तपासणी करा. तो उठायच्या वेळेला दोन्ही हात खालून घालून उचला आणि बोटाने पोटाला स्पर्श करा. निरोगी पोट तुमच्या बोटापेक्षा कोमट लागतं. गार लागलं, तो अर्धवट उघडा राहिला, चालताना झोकांड्या जात असेल, तर शीतनिद्रा सुरू झाली आहे. अशा वेळी:

१. त्याला तुमच्या शर्टाच्या आत, अंगाला लावून धरा. वरून शाल घ्या.
२. कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवा. थेट अंगाला लावू नका.
३. ऊब हळूहळू द्या, तासभर तरी. गरम पाण्यात बुडवू नका, हीटरसमोर धरू नका, झटक्याने गरम केलं तर हृदय बंद पडतं.
४. पूर्ण जागा होऊन गोळा व्हायला लागेपर्यंत तोंडात काही घालू नका.
५. सावरला तरी दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे न्या. एकदा असं झालेला पुन्हा लवकर घसरतो.

आता उन्हाळा. ३० अंशांच्या वर त्याला त्रास सुरू होतो, त्यापुढे उष्माघात. गरमी झाली की तो पिठाचा गोळा थापल्यासारखा पसरून पडतो, चारही पाय बाहेर. तेवढं दिसलं तर खोली गार करा. धापा, लाळ, डोळे निस्तेज दिसले तर पाय आणि पोट साध्या पाण्याने ओले करा (बर्फाच्या नाही) आणि दवाखाना गाठा.

नागपूरचा एप्रिल-मे कोरडा असतो, म्हणून कूलर इथे मनापासून काम करतो. हवा पिंजऱ्यावर थेट सोडू नका, खोली गार होऊ द्या. पण नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापलेल्या दिवसांच्या, दुपारी कूलरची खोलीही ३२-३३ ला जाऊन बसते, विशेषतः सर्वांत वरच्या मजल्यावर, जिथे स्लॅब रात्री बारापर्यंत उष्णता ओकत राहतो. त्या दिवसांत एसी २६ वर, दुपारी बारा ते सहा. वरच्या मजल्यावर राहत असाल आणि खाली नातेवाईक राहत असतील तर मे महिन्यापुरता पिंजरा खाली हलवण्यात कमीपणा नाही. वीज गेली तर? फ्रीझरमध्ये पाण्याच्या दोन बाटल्या कायम गोठवलेल्या असू द्या. एक टॉवेलात गुंडाळून पिंजऱ्याच्या एका कडेला ठेवा, आणि तळाला एक साधी फरशी टाका. गार फरशीवर तो आपोआप येऊन पसरतो.

पावसाळ्यात तापमानाची चिंता कमी, ओलाव्याची जास्त. कूलर बंद करा, तो आता फक्त दमट हवा फेकतो. ओलावा ४० टक्क्यांच्या आसपास असावा हे पुस्तकी गणित जुलै-ऑगस्टच्या नागपुरात जमणार नाही. पंखा, एसीचा ड्राय मोड आणि पूर्ण सुकलेलं फ्लीस, एवढं पाळा. फ्लीसचे चार-पाच तुकडे ठेवा, कारण श्रावणात एक धुतला की दोन दिवस वाळत नाही. ओलसर बिछान्यावर झोपलेल्या हेजहॉगला बुरशी आणि गोचिडीसारखे सूक्ष्म माइट पटकन धरतात.

पिल्लू निवडताना

आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू घेऊ नका. संध्याकाळी जा, दिवसा ते झोपेतच असतं आणि आजारी-निरोगी काही कळत नाही. हातावर घ्या. थोडं फुरफुरेल, गोळा होईल, मग दोन-चार मिनिटांत नाक बाहेर काढून वास घेईल. असंच असायला हवं. गोळा न होता लोळत राहणारं पिल्लू शांत नसतं, आजारी असतं. डोळे चमकदार, नाक ओलसर पण वाहतं नाही, काट्यांच्या मुळाशी कोंडा किंवा पांढरी पूड नाही, चाल सरळ. हिरवी पातळ शी दिसली तर थांबा.

विकणाऱ्याला विचारा, "काय खातो हा?" उत्तर "काहीही खाते जी, दूध-पोळी टाकली तरी चालते" असं आलं तर राजेहो, ते पिल्लू कितीही गोड असो, तिथून घेऊ नका. दूध हेजहॉगला पचत नाही, जुलाब होतात. ज्याला एवढं माहीत नाही त्याने ते पिल्लू कसं वाढवलं असेल?

एकच घ्या. हेजहॉग एकटा राहणारा प्राणी आहे, सोबत आणली तर रक्त निघेपर्यंत भांडतात. नर-मादी एकत्र ठेवली तर पिल्लं होतात, आणि घाबरलेली मादी स्वतःची पिल्लं खाऊ शकते. पैदास हा घरगुती छंद नव्हे.

खाणं, आणि अळ्यांची पेटी

रोजचा पाया म्हणजे मांजरांचं चांगलं कोरडं खाद्य. पाकिटामागचं कोष्टक वाचा: प्रथिनं ३० ते ३५ टक्के, स्निग्धांश १५ टक्क्यांच्या आत, घटकांत पहिलं नाव मांसाचं. रात्री एक ते दोन मोठे चमचे पुरे. सोबत आठवड्यात दोनदा नखाएवढं उकडलेलं अंडं किंवा बिनमिठाचं चिकन, कधी पपईचा किंवा सफरचंदाचा तुकडा.

काय द्यायचं नाही त्याची यादी लांब आहे: दूध, द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण, चॉकलेट, सुकामेवा, काहीही तळलेलं किंवा मिठाचं. आणि नागपुरात राहतो म्हणून खास सांगावं लागतं, संत्रं नको. आंबट फळं त्याच्या पोटाला झेपत नाहीत, पाहुणे फोड पुढे करतात तेव्हा हात धरा.

अळ्या मात्र हव्यातच. मीलवर्म विकत मिळतात, पण महिनोन्‌महिने मागवणं महाग पडतं आणि मे महिन्यात कुरिअरच्या डब्यात त्या मरून येतात. घरी पेटी करणं सोपं आहे.

तीन उथळ प्लास्टिकचे ट्रे घ्या. गिरणीतून किंवा इतवारीत पशुखाद्याच्या दुकानातून गव्हाचा कोंडा आणा, आणि वापरण्याआधी दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, नाहीतर त्यातले सोंडे तुमच्या अळ्यांआधी वाढतील. प्रत्येक ट्रेमध्ये दोन इंच कोंडा. पहिल्यात विकत आणलेल्या अळ्या सोडा, वर गाजराची एक चकती, तेच त्यांचं पाणी. अळ्या मोठ्या झाल्या की फिकट कोष होतात, कोषातून आधी तपकिरी आणि मग काळे भुंगेरे निघतात. भुंगेरे दुसऱ्या ट्रेमध्ये हलवा, तिथे ते अंडी घालतात. साधारण दोन आठवड्यांनी भुंगेरे उचलून तिसऱ्यात टाका, दुसरा ट्रे तसाच राहू द्या. काही दिवसांनी त्या कोंड्याचा पृष्ठभाग हलताना दिसेल. कान जवळ नेलात तर बारीक कुरकुर ऐकू येते, ती नवी पिढी. त्या खाण्याजोग्या व्हायला दोन-अडीच महिने लागतात, म्हणून पेटी प्राणी आणण्याआधी सुरू केलेली बरी.

ट्रे मलमलच्या कापडाने झाका. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, नाहीतर लाल मुंग्या एका रात्रीत संसार संपवतात. पावसाळ्यात गाजराची चकती दुसऱ्या दिवशी काढा, बुरशी धरते. आणि उन्हाळ्यात पेटीसुद्धा हेजहॉगच्याच गार खोलीत ठेवा, ३५ च्या वर अळ्याही मरतात. जास्त झाल्या तर झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यात फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, त्या सुस्तावतात आणि आठवडे टिकतात. घरच्यांना आधी सांगा मात्र. लोणचं समजून तो डबा उघडणाऱ्या सासूबाईंना नंतर समजावणं कठीण जातं.

मीलवर्ममध्ये चरबी जास्त आणि कॅल्शियम कमी, म्हणून तीन-चार अळ्या, एक दिवसाआड, कॅल्शियमची पूड भुरभुरवून. अंगणातले, दिव्याखाली पडलेले पावसाळी किडे देऊ नका. त्यांनी कुठली फवारणी खाल्ली आहे कुणास ठाऊक.

दर रविवारी स्वयंपाकाच्या डिजिटल काट्यावर वजन करा आणि लिहून ठेवा. हा प्राणी दुखणं लपवतो, वजन लपवू शकत नाही. अचानक दहावा हिस्सा वजन घटलं तर खाणं-पिणं बरं दिसत असलं तरी डॉक्टरकडे जा. उलट पुढच्या पायांखाली चरबीच्या वळ्या दिसू लागल्या, पूर्ण गोळा होता येईना, तर खाणं कमी आणि अळ्या बंद.

पहिला महिना

आणल्यावर दोन-तीन दिवस त्याला हात लावू नका. तुम्ही घातलेला, न धुतलेला टी-शर्ट त्याच्या लपायच्या जागेत ठेवा, वासाची ओळख होऊ द्या. मग रोज संध्याकाळी त्याच्या उठायच्या वेळेला, अर्धा तास. वरून झडप घालू नका, त्याच्या लेखी वरून येतं ते गरुड असतं. दोन्ही हात दोन्ही बाजूंनी, पोटाखालून. हातमोजे नको, मोज्यांना तुमचा वास नसतो. टोचलं तरी मांडीवर टॉवेल टाकून त्यावर ठेवा आणि स्वस्थ बसा, टीव्ही बघा. तो फुसफुस करेल, अंगाला झटके देईल. हलू नका. दहा-पंधरा मिनिटांनी काटे खाली बसतात, आधी नाक, मग डोळे.

नव्या वासाला त्याची एक विचित्र सवय दिसेल. साबण, चामड्याचा पट्टा, तुमच्या हाताला लागलेलं तेल, असं काही हुंगलं की तो ते चाटतो, चावतो, तोंडात फेस आणतो आणि मान मागे वळवून, वाकडातिकडा होऊन, तो फेस स्वतःच्या काट्यांना फासतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला झटका आला असं वाटतं. पिसाळल्याची शंका घेऊन दवाखान्यात धावू नका, हे नैसर्गिक आहे.

साधारण दीड ते तीन महिन्यांच्या वयात बाळकाटे गळून मोठे काटे येतात. त्या काळात तो चिडका होतो, कालपर्यंत हातावर येणारा आज फणकारतो. बिछान्यात काटे सापडतील. कातडीवर टक्कल पडत नसेल आणि कोंडा नसेल तर काळजी नको.

स्वच्छतेचं थोडक्यात: चाक रोज, फ्लीस आठवड्यातून दोनदा, पिंजरा आठवड्याला पांढऱ्या व्हिनेगरच्या पाण्याने. फिनाईल अजिबात नाही. डासांची कॉइल, धूप, अगरबत्ती त्या खोलीत नाही. अंघोळ महिन्यातून एकदा, कोमट पाणी पोटापर्यंत, मऊ टूथब्रश, आणि काट्यांच्या मुळापर्यंत कोरडं होईस्तोवर टॉवेल. थंडीत दुपारीच. नखं त्याच वेळी, ओली मऊ असताना, अगदी टोकं. प्रत्येक वेळी हात लावला की साबणाने हात धुवा, त्याची भांडी ओट्यावरच्या सिंकमध्ये घासू नका, आणि फोटोसाठी मुका घेऊ नका.

आजाराच्या खुणा

माइट सर्वांत नेहमीचे: काटे गळणं, कोंडा, सतत खाजवणं. औषध डॉक्टरच ठरवतील. कुत्र्यांचं पिसवांचं औषध अंदाजाने लावू नका, एवढ्याशा शरीराला मात्रा चुकली की जीव जातो. मादीच्या शीमध्ये-सूमध्ये रक्त दिसलं तर ती "पाळी" नव्हे. हेजहॉगला पाळी येत नाही, ते बहुधा गर्भाशयाचं दुखणं असतं, आणि थांबण्यासारखं नसतं. तीन वर्षांनंतर गाठी, ट्यूमर यांचं प्रमाण वाढतं, म्हणून वजन करताना अंगावरून बोटं फिरवा.

एक आजार असा आहे ज्यावर इलाज नाही: वॉबली हेजहॉग सिंड्रोम. मज्जासंस्था हळूहळू निकामी होते, आधी मागचे पाय लटपटतात, मग चालणं, मग गिळणं. बहुतेक वेळा दोन-तीन वर्षांच्या आतच सुरू होतो, आणि आनुवंशिक असावा असं मानलं जातं. पण थंडीनेही पाय लटपटतात, म्हणून लटपट दिसली की आधी पोटाला हात लावून बघा आणि थर्मामीटर बघा. नागपूरच्या जानेवारीत उत्तर बरेचदा तिथेच सापडतं.

बाहेरगावी जाताना

दिवाळीत गावी जायचं ठरलं की हेजहॉगला गाडीत घालून नेऊ नका. प्रवासाचा ताण आणि फटाके हे दोन्ही एकदम नको. शेजारच्या काकूंना किंवा मित्राला आधी दोनदा बोलवून उचलायला शिकवा. पिंजरा रस्त्यापासून आतल्या खोलीत हलवा, खिडकीवर जाड पडदा. खाद्याच्या रोजच्या मापाच्या पुड्या बांधून, वर वार लिहून ठेवा. आणि एक कागद भिंतीला चिकटवा, त्यावर चारच ओळी: थर्मामीटर रात्री नऊला बघा, २२ च्या खाली किंवा ३० च्या वर दिसला तर मला फोन, वाटीत पाणी रोज नवं, डॉक्टरांचा नंबर हा.